मेलेल्या बहिणीची ओटी

पिंगळीच्या ठेसनावर दिवेलागणीच्या पॅसेंजरची वाट बघत छबूबाई एकटीच बसली होती आणि सगळा फलाट तिच्याकडं बघत होता. तिकीटबाबूनं तर खिडकीतून मान बाहेर काढून तिच्या मागं कोण आहे ते पाहिलं. मागं कोणीच नव्हतं.

"सोबत कोण आहे?"

"गाठुडं हाय."

"अहो बाई, माणूस कोण आहे म्हणतो मी."

"मी काय मैस दिसायले का तुमाला? परभनीचं एक द्या."

बाबूनं मुकाट्यानं तिकीट फाडलं. छबूबाईशी तकरार करून कोणी जिंकल्याचं त्या भागात ऐकिवात नव्हतं, पण हे त्या नव्या बाबूला कुठून ठाऊक असणार! नुकतंच हैदराबाद स्टेट मोडून मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, ठेसनावरची माणसं बदलत होती. छबूबाई तेवढी बदलली नव्हती.

चाळिशीची बाई. उंच, काळीसावळी, हातांना नांगराच्या मुठीचे घट्टे. नवऱ्यानं दुसरी बायको आणली त्या दिवशी आपली भांडी आपल्या डोक्यावर घेऊन ती भर दुपारी माहेरी चालत आली होती. भावानं, बन्सीधरनं, दारात तोंड वाकडं केलं तेव्हा म्हणाली, "भाकरी मागाया न्हाई आले, औत हाकाया आले." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तिनं बैल जुंपले. बाईनं औत धरलं की पाऊस रुसतो, असं गाव म्हणालं. त्या साली पाऊस चांगला झाला. गावानं त्यावर काही म्हटलं नाही. रझाकारांच्या धामधुमीत सगळं गाव रानात दडून बसलं, तेव्हा ही कुऱ्हाड घेऊन गोठ्याच्या दारात दोन बैलांची राखण करत बसली होती. गावानं त्यावरही काही म्हटलं नाही. गाव बोलतं ते फक्त बाई चुकली की.

गाठुड्यात होता एक हिरवा खण, एक नारळ, ओंजळी भरतील एवढे घरच्या रानातले गहू आणि हळदकुंकवाच्या दोन पुड्या. ओटी भरायला लागतं तेवढंच सामान. आणि ज्या बाईची ओटी भरायची, ती गावाच्या हिशोबी तीन वर्षांपूर्वी मेली होती.

ती म्हणजे कोकिळा. छबूबाईची धाकटी बहीण, पाठोपाठची नव्हे, शेंडेफळ. सासरी नवरा मारायचा. एकदा आली ती मोडलेला हात घेऊन आली. गावातल्या चार शहाण्यांनी चावडीवर बसून निवाडा केला की, लेक सासरी नांदली पाहिजे. पाठवली. पुन्हा आली, पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा ती माहेरी आलीच नाही. सोनपेठच्या बाजारात कमलबाईचा तमाशाचा फड उतरला होता, त्यांच्या बैलगाडीत जाऊन बसली. गळा तिला देवानं दिलेला. त्या गळ्यावर ती पोट भरू लागली.

मग त्याच चार शहाण्यांची अब्रू जागी झाली. हात मोडला तेव्हा ती अब्रू झोपलेली होती. दिनकरराव पाटलानं फर्मान काढलं: कुणब्याची लेक फडात नाचली, ती आपल्याला मेली. तेही नुसतं तोंडानं नाही. कणकेची बाहुली करायला लावली, तिला हिरवं नेसवलं, ओढ्याकाठी नेऊन जाळली. बन्सीधरचं डोकं भादरलं. तेराव्याला सगळं गाव जेवलं. त्या दिवसापासून कोकिळेचं नाव काढायचं नाही, तिला ओळख द्यायची नाही. जो देईल त्याचं घर बाद. त्याला विस्तव नाही, पाणी नाही, त्याच्या लेकीला स्थळ नाही.

तेराव्याच्या पंगती बसल्या होत्या तेव्हा छबूबाई रानात औत हाकत होती. सुतकात औत! लोकांनी तिलाही दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा बुंदी वाढून घेतली.

यंदा बांगड्या भरायला आलेल्या कासारानं तिच्या मनगटाशी वाकून हळूच सांगितलं, "कमलबाईचा फड परभणीच्या उरुसात आलाय. तुमच्याकडची एक बाई गाती त्यात. लय गाती."

त्या रात्री बन्सीधर हात जोडून म्हणाला, "आक्का, तू जाऊ नगंस. माजी पोरगी उजवायची हाय. तुला कुनी बगितलं तर आपलं घर बाद करतील."

"बगू दे. बगावं म्हनूनच जायले."

"लपून भेट की मंग. मी न्हाई म्हनत न्हाई."

"मेलेल्याला लपून भेटत्यात बन्सी. जित्या मानसाला भर मांडवात भेटावं."

परभणीला उतरली तेव्हा मैदानाच्या बाजूचं आभाळ गॅसबत्त्यांनी उजळलेलं होतं. उरुसाच्या दिवसांत मैदानाच्या एका अंगाला गाण्याबजावण्याची अख्खी पेठच उठायची. ओळीनं कनातीचे तंबू. एकीकडून ढोलकी, दुसरीकडून कव्वालीच्या टाळ्या, मधेच बँडवाल्यांची पिपाणी, हॉटेलांत तबकड्या वाजवणारे भोंग्याचे बाजे. एका तंबूतलं गाणं कानात घेऊन चार पावलं टाकावीत तोवर दुसऱ्या तंबूतलं येऊन त्याला ढकलून द्यायचं. छबूबाई मधोमध उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या मागं न चालता जत्रेत आली होती. नाही तर पुढं बाप, नाही तर पुढं नवरा, आणि ही त्यांच्या टाचांकडं बघत. जत्रा म्हणजे टाचा, एवढंच तिला माहीत.

तिनं आधी भजी खाल्ली. हॉटेलातल्या बाकड्यावर, बाप्यांच्या ओळीत बसून. शेजारचा फेटेवाला सरकून बसला, तर ती आणखी ऐसपैस बसली. चहा बशीत ओतून फुंकून प्याली.

मग कव्वालीच्या मांडवाशी गेली. बायांची जागा बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड होती. बुरख्यातल्या एका म्हातारीनं अंग चोरून तिला जागा केली.

"आव आपा, बैठो. अकेले आए क्या?"

"अकेलीच."

"भोत अच्छा किए," म्हातारी म्हणाली आणि तिच्या हातावर पान ठेवलं.

कव्वालाचे शब्द तिला निम्मे कळले, निम्मे नाही. पण तो एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन अशी वर वर न्यायचा की छबूबाईच्या अंगावर काटा आला. मोटेचा नाडा बैलांनी ओढावा तसं काही तरी पोटातून वर येत होतं. ती कितीतरी वेळ बसली. खरं तर ज्या कामाला आली होती ते काम पुढं ढकलत होती. भीती तिलाही वाटत होती. बन्सीधरची पोरगी डोळ्यांपुढं येत होती, काही चूक नसलेली, घाबरट, गोरी पोर.

"क्या हुआ?" म्हातारीनं विचारलं.

"भैन हाय माजी. तिकडल्या तंबूत गाती."

"फिर इधर क्या करतें? जाव ना!"

ती उठली.

कमलबाईच्या फडाच्या दारावर लिंबाजी नावाचा मिशाळ माणूस तिकिटं घेत उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"बायांना आत जाता येत न्हाई, मावशी."

"आत नाचत्यात ते कोन हायत? बाप्ये हायत का?"

"त्या फडाच्या बाया. बगाया येतेत ते बाप्ये. असंच असतंय."

"कुनी ठरवलं?"

"कुनी ठरवलं म्हंजी... आवो, आतले लोक वंगाळ बोलतेत. तुमालाच लाज वाटंल."

"वंगाळ ते बोलायलेत, मंग लाज मला कामून वाटंल?"

मागं रांग खोळंबली. लोक ओरडू लागले. छबूबाई दारात खुंट्यासारखी उभी. ना आत, ना बाहेर. लिंबाजीनं तिचा दंड धरावा असा विचार केला असावा, पण तो दंड बघून त्यानं विचार बदलला. "जा माय," तो म्हणाला, "मागच्या कोपऱ्यात बस. डोक्यावरून पदर घे आन गप बस."

पदर तिनं घेतला. कोपरा घेतला नाही. बाकड्यांच्या कडेकडेनं चालत ती दुसऱ्या ओळीत जाऊन बसली.

गण झाला, गवळण सुरू झाली. आणि कोकिळा आली.

छबूबाईनं तिला आधी ओळखलंच नाही. तिच्या आठवणीतली कोकी खांदे पाडून चालणारी, मोडका हात पदरात लपवणारी. ही बाई फळ्या टाकून केलेल्या मंचावर मधोमध येऊन अशी उभी राहिली की जागा तिच्या बापाची. तोच हात वर गेला आणि तिनं सूर लावला.

"वाट अडविशी किती कान्ह्या, दुधाला वाटा शंभर..."

ढोलकी थांबली होती. नुसता गळा. कनातीच्या पल्याडचा बँड, कव्वाली, भोंगे, सगळं कुठल्या कुठं गेलं. छबूबाईला रडू यायला हवं होतं, पण तिला आला तो अभिमान. एवढा की तिला बसवेना.

एवढ्यात तिच्या अगदी पुढ्यातून आवाज आला, "वा! जीव घेतलास! वन्समोर!"

आणि एक गुलाबी फेटा वर उडाला.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. चावडीवर त्याच आवाजानं निवाडा सांगितला होता. पहिल्या बाकड्यावर दिनकरराव पाटील बसला होता, शेजारी त्याचा जोडीदार सूर्यभान. दोघांच्या मनगटावर मोगऱ्याचे गजरे. आणखी गावातले चारपाच जण पलीकडं. गावच्या बाप्यांची एक समजूत होती. कुणी कधी बोलून दाखवली नव्हती, पण सगळे पाळायचे. तंबूची कनात उचलून आत शिरलं की माणूस कुठल्या गावचा राहत नाही. आत पाटील पाटील नसतो, कुणी कुणाचा शेजारी नसतो, आणि बाहेर आल्यावर आत कोण भेटलं याचं नाव काढायचं नसतं. या समजुतीच्या आडोशानं ही मंडळी मेलेल्या बाईचं गाणं ऐकत होती. तेरावं जेवून गेलेली तोंडं आता वन्समोर मागत होती.

त्या समजुतीत बाई धरलेली नव्हती. बाई आत येईल हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

छबूबाई उठली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तिनं तो पुन्हा घेतला नाही.

"पाटील," ती म्हणाली, "फेटा कुनासाटी उडवलाव?"

दिनकररावानं वळून बघितलं आणि वर गेलेला हात खाली घेतला. सूर्यभाननं मान एवढी खाली घातली की गजऱ्याला नाक लागलं.

"छबे?" पाटलानं आवाज दाबला. "तू हितं? बाईमानसानं हितं यायचं असतंय का? ऊठ, घरी हो."

"उठलेच हाय. मी इचारलं, फेटा कुनासाटी?"

"अय, बसा खाली!" मागून कोणी तरी ओरडलं. "लग्नाची बायको आली वाटतं धराया!" सगळा तंबू हसला.

"बायको न्हाई बाबा," छबूबाई मागं वळून म्हणाली, "बायको आसती तर गजरा काडून घेतला आसता." तंबू आणखी हसला, पण आता तिच्या बाजूनं.

कोकिळा गायची थांबली होती. "आक्का," एवढंच तिच्या तोंडातून निघालं.

छबूबाई गाठुडं घेऊन पुढं गेली. वहाणा खाली काढल्या, कारण त्या फळ्यांवर या बाया पोट भरतात, ते त्यांचं देऊळ. आणि वर चढली. फडाची मालकीण कमलबाई आतून तरातरा आली. जाडजूड, कपाळभर कुंकू, तोंडात पान.

"कोन गं तू? आमचा खेळ कामून मोडायलीस?"

"हिची थोरली भैन. ओटी भरून जाते. जास्ती येळ लागत न्हाई."

कमलबाईनं एकदा तिच्याकडं, एकदा कोकिळेकडं बघितलं. मग ढोलकीवाल्याला खूण केली, तसा त्यानं हात मांडीवर ठेवला.

खालून दिनकरराव उभा राहिला. आता तो खरा पाटील झाला होता. "छबे! त्या बाईला हात लावशील तर बन्सीधरचं घर बाद! उद्याच्याला चावडीवर उभा करतो त्याला. पोरगी घरात पिकवंल तो!"

कोकिळा मागं सरली. "आक्का, ऱ्हाऊ दे. बन्सीदादाच्या पोरीचं... मला नगं ओटी. तू आलीस, झालं."

हेच ते. छबूबाईचा हात क्षणभर गाठुड्यावरच राहिला. इथून खाली उतरली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. बहिणीनंच नको म्हटलं, भाचीचं कल्याण झालं, सगळे आपापल्या घरी. बायांना असंच उतरवतात. आधी एकीच्या गळ्यात दुसरीचं दावं बांधतात, आणि मग म्हणतात, बघ, तू हललीस की तिला फास बसतो.

ती वळली आणि फळ्यांच्या टोकाशी येऊन उभी राहिली.

"पाटील, मी आडानी बाई. एक गोष्ट समजून सांगा, मंग म्हनाल ते करते. ही कोन हाय?"

"म्हंजी?"

"हिला वळीकता का तुमी?"

पाटील सूर्यभानकडं बघू लागला.

"वळीकत असाल तर बोला. मंग आपली कोकी जिती हाय. मंग ते तेरावं खोटं, ती बाहुली खोटी, तुमचा निवाडा खोटा, आन गाव जेवलं ते फुकट जेवलं. आन जर वळीकत नसाल, ती मेलीच आसंल, तर ही कुनी तरी परकी बाई हाय. परक्या सवाष्णीची ओटी भरायला मला कोन आडवतंय? तुमचं काय गेलं त्यात?"

 मागून लिंबाजी दरवानाचा आवाज आला, "बोला की पाटील! वळीकता का न्हाई?"

झालं! सगळ्या तंबूनं ते उचललं. "वळीकता का न्हाई? वळीकता का न्हाई?" कोणी बाकडं वाजवू लागलं, ढोलकीवाल्यानं एक थाप दिली. दिनकरराव कात्रीत सापडला. हो म्हणावं तर मेलेली जिती होते, आणि आपण तिच्या गाण्यावर फेटा उडवला हेही कबूल होतं. नाही म्हणावं तर चावडीवर उद्या सांगणार काय? बन्सीधरच्या बहिणीनं एका अनोळखी बाईची ओटी भरली, हा गुन्हा?

"चल रं सूर्यभान," तो शेवटी म्हणाला. "हलकट लोकांत थांबू नै."

"फेटा घिऊन जा," छबूबाई म्हणाली.

कोकिळा आता हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. काजळ गालावर उतरलं होतं. "आक्का, चाळ सोडू का गं? चाळ बांधून ओटी कुनी घेत न्हाई."

"सोडू नगंस. त्या चाळानं तुला जगवलं. बांधूनच घे."

पाट नव्हता. कमलबाईनं आतून आपली कपड्यांची पेटी ढकलून दिली आणि त्यावर कोकिळेला बसवलं. छबूबाईनं हळद लावली, कुंकू लावलं. कोकिळेनं पदर पसरला. खण, नारळ, मग ओंजळीनं गहू. गहू पदरातून निसटून फळ्यांवर सांडले, कोकिळा पाय हलवायची तसे चाळ वाजायचे. मागं बसलेल्या, मघाशी वंगाळ बोलणाऱ्या कुणीही एक शब्द काढला नाही. तेही कुणाचे तरी भाऊच होते. भाऊ असण्याची लाज बाळगणारे, पण भाऊच.

"आता गा," छबूबाई म्हणाली. "पाटलाच्या गडबडीत माजी गवळन अर्धी ऱ्हायली."

ती खाली उतरली आणि पहिल्या बाकड्यावर, दोन गड्यांची जागा रिकामी झाली होती तिथं, एकटी बसली. पहाटेपर्यंत बसली.

फड सुटल्यावर कनातीमागं दोघी बहिणींनी एका पितळीत भाकरी खाल्ली. कोकिळा म्हणाली, "आक्का, मी काई गावात येनार न्हाई हं. त्यांनी मला मारलं, आता तू मला जिती केलीस म्हनून मी आंगनात सडा टाकाया येऊ व्हय?"

"येऊ नगंस."

"मंग तू कशाला आलीस?"

"तुला न्यायला न्हाई आले. ऐकाया आले. ओटी भराया आले. तुला भैन हाय एवडं लोकाला कळावं, बास."

गावात परतल्यावर काय झालं, ते फार झालं असं नाही. बन्सीधर आठ दिवस घराबाहेर पडला नाही. चावडीवरचं बोलावणं येणार म्हणून रोज कान टवकारून बसायचा. बोलावणं आलं नाही. आणणार कोण? तक्रार करायची तर आधी आपण तंबूत होतो हे सांगायला हवं. दिनकररावानं दुसऱ्या वाटेनं सूड घेतला: त्यांच्या खळ्याला कुणी बैल देऊ नयेत, एवढं चार घरांत फिरून सांगितलं. छबूबाईनं मळणी एकटीनं केली. दोन बैल, वरून ऊन. बन्सीधर आधी बांधावर बसून बघत राहिला, मग उठला, आणि बैलांमागं चालू लागला. त्याच्या पोरीचं लग्न त्या वर्षी ठरलं नाही. पुढल्या वर्षी पाथरीकडचं स्थळ आलं, ते जमलं. पण तो दुसरा विषय.

मळणीच्या दिवसांतच एकदा छबूबाई विहिरीवर गेली. बाया नेहमीसारख्या कुजबुजत होत्या, ती आली तशा घागरींवर वाकल्या. धुरपताबाई, दिनकररावाची बायको, घागर भरून डोक्यावर घेत होती. जन्मात मोठ्यानं बोलली नसेल अशी बाई. तिनं घागर पुन्हा खाली ठेवली. आणि सगळ्या विहिरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"छबूबाई, कोकिळा कशी हाय वो?"

तीन वर्षं ज्या नावाला गावानं जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते नाव. एकीच्या हातातला पोहरा सुटून विहिरीत पडला.

"बरी हाय," छबूबाई म्हणाली आणि दोर ओढू लागली. "आन गळा तर असा झालाय म्हनता! माझ्यावर इस्वास नसंल तर तुमच्या मालकाला इचारा."

धुरपताबाईनं घागर उचलली. ती हसली की नाही ते घागरीआड कुणाला दिसलं नाही, पण त्या दिवशी ती घराकडं नेहमीच्या बोळातून गेली नाही. बाया टाळतात त्या चावडीवरून, मधल्या वाटेनं गेली.